कौसल्यावहिनींची जाळी आणि तुळशीरामभाऊंची कल्हई

ये. दाराशी काऊन थांबायचं? इकडं सतरंजीवर जवळ येऊन बस. आणि आधी मला सांग, तुझ्या आजीचं ते मोठं पितळी पातेलं कुठं गेलं? मोडीत दिलंस ना? आता मान खाली घालू नको, चिखलीतल्या अर्ध्या घरांनी तेच केलंय. माझ्याजवळ कबूल केलंस ते ठीक, पण आमच्या तुळशीरामभाऊंसमोर चुकूनही बोलू नको. जेवण जाणार नाही त्यांना.

तुळशीरामभाऊ म्हणजे माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. धंदा कल्हईचा, वय सत्तरीच्या पुढं. कुणाच्याही घरी गेले की ते माणसांकडं आधी पाहतच नाहीत. सरळ मांडणीपाशी जातात, एक भांडं उचलतात, उजेडाकडं धरतात आणि दुर्बिणीत पाहावं तसा आत डोळा लावतात. मग एकतर 'हं' म्हणतात, नाहीतर 'अरारारा'. घरवाले बिचारे म्हणतात, भाऊ, ते जरा जुनं आहे, वरून पाहा कसं लख्ख घासलंय. त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं.

"वरून तं सारंच चमकते. आतून दाखवा."

माझ्या नातीसाठी देऊळगावराजाकडं स्थळ पाहायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून त्यांना सोबत नेलं. आम्ही सगळे पोराची नोकरी विचारतोय, शेती विचारतोय, आणि भाऊंनी काय विचारलं? पाणी. पाणी प्यायले, उठले, खिडकीशी जाऊन तांब्याच्या आत पाहत उभे राहिले. पोराचा बाप माझ्याकडं पाहतोय, मी छताकडं पाहतेय. परत येताना जीपमध्ये म्हणाले, "जमवून टाका अक्का. तांब्या आतून घासेल हाय. कोणाले दिसत नाही तिथं बी या घरातल्या बाया हात फिरवतात." नात सुखात आहे हो. आता ते तांब्यामुळं का आणखी कशामुळं, देव जाणे.

माझ्या सुनेनं न चिकटणारा काळा तवा आणला, तर भाऊ आठवडाभर त्याच्या वाईटावर होते. रोज सकाळी येऊन विचारायचे, टवका निघाला का? एक दिवस सुनेनं त्यात स्टीलचा उलथना घातला आणि निघाला टवका. भाऊंचा चेहरा असा उजळला, जणू पोरगं मॅट्रिक पास झालं. "हे प्लॅस्टिकच्या जातीचं," म्हणाले, "धातूले जीव लावत नाही. वरवर बसते अन् निघून जाते."

त्यांची कल्हई मात्र धातूला जीव लावणारी. कडुनिंबाखाली अंगणात भट्टी. भांडं आधी राखेनं, वाळूनं असं घासायचं की जुना डाग राहायला नको. मग निखाऱ्यावर तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर भपकन वर येतो, त्यातच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचं. पाहता पाहता पिवळं भांडं आतून चांदीचं होतं. पण या सगळ्यात भाऊ अर्धेच. उरलेल्या अर्ध्या म्हणजे भाऊंची बायको, कौसल्यावहिनी. भाता त्यांच्या हाती. चाळीसच्या वर वर्षं त्या भाता ओढतायत आणि दोघांचं बोलणं म्हणाल तर इतकंच. भाऊ विचारतात, "बस?" भांडं पुरतं तापलं की वहिनी म्हणतात, "हं." त्या 'हं'शिवाय भाऊंनी कथील कधी टेकवलं नाही. कुणीतरी सांगितलं, विजेवरचा ब्लोअर घ्या, वहिनींचे खांदे दुखणार नाहीत. तर म्हणे, "मशीनच्या हवेले अक्कल नसते."

आता मुद्द्यावर येते. दोन वर्षांमागं पोळा झाला आणि वहिनींच्या छातीत कळ आली. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही गेले, कारण त्यांची लेक दूर नाशिकला, ती पोचेपर्यंत कुणीतरी हवं. हृदयाची नस तुंबली होती, तीत जाळी बसवली. डॉक्टरीणबाई तरुण, समजुतीच्या. बाहेर येऊन म्हणाल्या, काकू बऱ्या आहेत, काही विचारायचं असेल तर विचारा. दुसरा कुणी असता तर घरी कधी सोडाल विचारलं असतं. भाऊंनी विचारलं, "जाळी कशाची? आतून काय लावलं?"

बाईंना काय आनंद झाला. त्यांनी टेबलावरची नमुन्याची जाळी काढून दाखवली. बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी, पण तिच्याहून नाजूक. म्हणाल्या, ही खास धातूची, तार केसासारखी. पूर्वी नुसत्या धातूची बसवायचे, तर नस पुन्हा आवळून यायची. मग धातूवर पॉलिमरचा लेप देऊ लागले. लेपात औषध, ते हळूहळू झिरपतं आणि नस मोकळी राहते. भाऊंनी विचारलं, पॉलिमर म्हणजे प्लॅस्टिक का? त्या म्हणाल्या, त्याच कुळातलं, पण शरीराला चालणारं. सुरुवातीचे लेप कायमचे राहायचे, ते काहींना सोसले नाहीत. काकूंना बसवलेली नवीन तऱ्हेची आहे. औषध संपलं की काही महिन्यांत लेपही विरघळून जातो.

त्या पुढंही काही सांगत होत्या. पण मी भाऊंकडं पाहिलं आणि मला कळलं, यांचे कान तिथंच बंद झाले. लेप विरघळतो. वहिनींना घरी सोडलं, तर चिखली येईपर्यंत गडी बोटांवर महिने मोजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर बरण्या येऊन पडल्या. चिंच, आमसूल, लिंबाचं लोणचं, कैरीचा तक्कू. मी विचारलं, हे काय भाऊ? म्हणाले, "तुमच्याकडंच राहू द्या. आमच्या घरात आता आंबट बंद."

तुला सांगते, कल्हईवाल्याचा एकच वैरी, आंबट. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, हिरवट होतं, तोंडात घालवत नाही. भाऊंनी हिशेब असा मांडला की बायकोच्या काळजात धातू आहे, वरची कल्हई कच्ची आहे, आंबटानं ती लवकर उडेल, आणि ज्या दिवशी उडेल त्या दिवशी कौसल्या हातची जाईल. मी म्हटलं, भाऊ, ताक पोटात जातं, नसेत नाही. तर म्हणे, "अक्का, पोटातून रक्तात नाही जात तं कुठं जाते?"

मग जे सुरू झालं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. लग्नाच्या पंगतीत वहिनींच्या पानावरचा मठ्ठा भाऊ आधी हुंगायचे आणि बाजूला सरकवायचे. सप्त्याच्या काल्यातलं दही त्यांनी वेचून काढलं. गल्लीच्या तोंडाशी चिंच विकणारी म्हातारी बसायची, तिला हात जोडून पलीकडं बसायला लावलं, वासानं इच्छा होते म्हणून. आणि वहिनी कशा, तर आंबटावरच वाढलेल्या. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर समोर असली की त्या पक्वान्नाकडं पाहायच्या नाहीत. बेचव, मिळमिळीत खाऊन त्या उतरत चालल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नीट जेवा, ताकद आली पाहिजे. ताकद कुठून येणार? पोलक्याच्या बाह्या ढिल्या झाल्या होत्या.

मला राहवेना. भाऊ बाजारात गेलेले पाहून मी एक दिवस वहिनींना घरी बोलावलं आणि कढी वाढली. दोन घोट घेतले त्यांनी, डोळे मिटून. मग वाटी खाली ठेवली.

"नको अक्का. त्यायले फसवल्यासारखं होते."

मी म्हटलं, वहिनी, तो माणूस तुम्हाला भांडं समजून राहिला.

"समजू द्या," त्या म्हणाल्या. "भांड्यावर जीव टाकते तेवढा माणसावर कुठं टाकते तो? मले तं बढतीच भेटली."

आणि दोघी हसलो. पण वाटी त्यांनी पुन्हा उचलली नाही.

इकडं भट्टीही थंड. वहिनींना भाता ओढायला मनाई, ते ठीकच होतं. पण भाऊंनी कामच बंद केलं. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, कोळसा ओला हाय. दिवाळीत कोळसा ओला, संक्रांतीत ओला, होळी झाली, बाहेर ऊन असं तापलं की कौलं तडकायची, तरी कोळसा ओलाच. भात्यावर पोतं टाकून ठेवलं होतं. कधी अंगणात एकटेच भट्टीसमोर बसलेले दिसायचे, रिकाम्या हातांनी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चैत्रातल्या एका तारखेला कोळशानं काळी फुली मारलेली होती. तपासणीचा दिवस. तोवर लेप विरघळलेला असणार, असा त्यांचा अंदाज.

त्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं निघालो. भाऊंच्या मांडीवर कापडी पिशवी, ती कुणाला हात लावू देत नव्हते. जालना मागं पडलं आणि गाडीत वास यायला लागला. पुढच्या सीटवरच्या बाईनं पदर नाकाला लावला, कंडक्टरनं खिडक्या उघडायला लावल्या. मी विचारलं, भाऊ, डबा आणला का काही? ते म्हणाले, "डबा नाही, पुरावा हाय."

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना तपासलं, कागद पाहिले, म्हणाल्या, सगळं छान आहे. तेवढ्यात भाऊंनी पिशवी उघडली आणि टेबलावर दोन पितळी गडवे ठेवले. एक कल्हईचा, एक बिनकल्हईचा. दोन्हीत चार दिवसांचं ताक. कल्हईच्या गडव्यातलं नुसतं आंबलेलं. दुसऱ्यातलं, काय सांगू, शेवाळ्यासारखं हिरवं. वासानं नर्स दाराबाहेर गेली. मग भाऊंनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली कथलाची कांडी काढली आणि बाईंसमोर ठेवली.

"म्याडम, कल्हई उडाली का हे होते. आमच्याकडं वर्षातून एकदा पुन्हा करतात. हिची तुम्ही पुन्हा करून द्या. कथील चोख हाय, माह्या हातचं."

मला वाटलं, आता बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही गडवे उचलले, उजेडाकडं धरले आणि आत पाहिलं, अगदी भाऊंसारखं. म्हणाल्या, काका, तुम्ही त्या दिवशी माझं पुढचं ऐकलंच नाही. मग खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसल्या. लेप कशाला देतो, तर नस पहिले काही महिने शांत राहावी म्हणून. तेवढ्या वेळात नसेचं आतलं अस्तर हळूहळू वाढतं आणि जाळीच्या तारांवरून पसरतं. तारा झाकल्या गेल्या की आमच्या लेपाची गरज संपते, म्हणून तो निघून जायचाच असतो. रक्ताला मग धातू उघडा लागत नाही.

"म्हणजे कल्हई आम्ही करत नाही, काका. काकूंनी स्वतःच केलीय. आतून."

भाऊ वहिनींकडं पाहत राहिले. म्हणाले, "भात्याबिगर?"

"भाता चालूच होता की," बाई म्हणाल्या आणि वहिनींच्या छातीकडं बोट केलं.

मग त्यांनी दटावलं. आंबटाचा नि जाळीचा काही संबंध नाही. ताक प्या, चिंच खा, लोणचं मात्र जरा बेतानं, कारण त्यात मीठ असतं. रोजची गोळी विचारल्याशिवाय बंद करायची नाही. भाऊंनी मान हलवली, गडवे उचलले आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन धुवायला लागले. दोन गडवे धुवायला किती वेळ लागावा? पाणी वाहत होतं आणि भाऊंची पाठ आमच्याकडं. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "राहू द्या, तिकडं पाहू नका."

परत येताना देऊळगावराजाच्या स्टँडवर गाडी थांबली. भाऊ खाली उतरले ते गाडी सुटता सुटता आले. हातात कैरीच्या फोडी, कागदात. वहिनींसमोर धरल्या आणि म्हणाले, "मीठ नाही टाकू देलं." वहिनींनी एक फोड दातात धरली, कचकन आवाज झाला आणि भाऊंनी डोळे मिटले. सहा महिने त्या माणसानंही आंबट जिभेला लावलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आंबट म्हटलं की पोराबाळांच्या आधी धावणारा माणूस हा. वहिनींनी दुसरी फोड त्यांच्या हातावर ठेवली.

आठ दिवसांनी अंगणातून नवसागराचा वास आला, म्हणून मी भिंतीवरून डोकावले. भात्याच्या जागी विजेवरचा ब्लोअर बसलेला. तोच, ज्याच्या हवेला अक्कल नसते. बाजूला खुर्ची, खुर्चीवर वहिनी, मांडीवर लांब वायरीचं बटण. भट्टीवर त्यांचंच कढीचं पातेलं, सहा महिने पालथं पडलेलं. भाऊंनी कांडी हातात घेतली आणि थांबले.

"बस?"

वहिनींनी आत वाकून पाहिलं. घाई केली नाही.

"हं," म्हणाल्या आणि बटण बंद केलं.

आता रोज गिऱ्हाईक असतं असं नाही. काम नसलं तरी भाऊ घरातलंच एखादं भांडं काढतात, चांगली कल्हई असलेलं, आणि पुन्हा भट्टीवर चढवतात. मी विचारलं, कशाला हो? म्हणाले, बटण चालू राहिलं पाहिजे, नाहीतर गंजते.

म्हणून सांगते, माळ्यावर नीट पाहा. एखादं पितळी भांडं राहिलंच असेल कुठं ट्रंकेमागं. ते घेऊन ये. दोघांना काम होईल, आणि त्यातच मी तुला कढी करून घालीन. नसलंच सापडलं तर नुसतं ये, पण लवकर ये. येशील तेव्हा भाऊ तोंडाकडं न पाहता आधी पिशवीत डोकावतील, त्याचा राग मानू नको.