मैत्रीनगर परिवाराची वाटणी

आईनं हौदात बादली सोडली तेव्हा पाण्याचा आवाज आला नाही, तळाच्या फरशीचा आला.

"पाणी येऊन गेलं," आई म्हणाली. "काल. आन् आपल्याला पत्ता नाय."

निशानं फोन उघडला. गारखेड्यातल्या मैत्रीनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पण कोणत्या दिवशी आणि कधी, हे कुणालाच ठाऊक नसायचं. त्यासाठीच तर 'मैत्रीनगर परिवार' नावाचा ग्रुप होता. बरंच वर सरकल्यावर तिला निरोप सापडला: 'पाणी आलं.' त्याच्या अलीकडे-पलीकडे गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी घालावी की नाही यावर अख्ख्या कॉलनीनं मतं मांडली होती. शेजारच्या कारभारीकाकांनी काल सकाळी हा प्रश्न टाकला होता आणि वाद दुपारपर्यंत चालला होता. मध्येच कुणीतरी विकायच्या कूलरचा फोटो टाकला होता, आणि कुणीतरी त्या कूलरला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या.

दुसऱ्या कुणाचं यात फार बिघडलं नसतं. पण निशाचं घर लाइनीच्या अगदी शेवटी, चढावर होतं. तिथं पाणी आपणहून चढत नसे, मोटर लावून हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत ओढावं लागे, आणि तेही दाब आहे तोवरच. कोरड्या नळाला मोटर लावली तर ती जळायची. म्हणजे सगळा खेळ वेळेवर खबर लागण्याचा. त्यात दोन आठवड्यांवर निशाच्या भाचीचं नामकरण आलं होतं. वेरूळहून अमृतावहिनीचं सगळं माहेर येणार होतं.

"टँकर मागवू की," निशाचा भाऊ सम्यक म्हणाला.

"मागच्या टँकरमधून शेवाळ निघालं होतं. तुझ्या सासऱ्याला ते पाजू?" आई म्हणाली.

निशा विचारात पडली होती. नुकतीच ती संख्याशास्त्रात एमएस्सी झाली होती, आणि तिच्या मते प्रश्न सोपा होता. गोंगाटात खबर बुडते. गोंगाट वेगळा काढला की खबर तेवढी उरते.

"आई, ग्रुप फोडायचा," ती म्हणाली.

ग्रुप फोडावा का, यावरची चर्चा कुत्र्यांच्या चर्चेपेक्षाही लांबली. कोपऱ्यावरच्या गोजरबाईंनी आवाजी निरोप पाठवला: "नांदतं घर कशाला फोडायलीस गं पोरी?" कारभारीकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एरवी ते कशालाच विरोध करत नसत, पण ते म्हणाले, "चार जागी मी कुठं कुठं लिहू?" शेवटी ॲडमिन सोमनाथ, ज्याचं चौकात किराणा दुकान होतं, वैतागून म्हणाला, "निशाताई, तूच हो ॲडमिन. मला गिऱ्हाईक बघू दे."

निशानं चार ग्रुप केले: 'फक्त पाणी', 'शुभेच्छा', 'चर्चा' आणि 'घेणे-देणे'. जुना ग्रुप बंद केला. कशात काय लिहायचं, याचे नियमही लिहून दिले.

पहिल्याच दिवशी गोजरबाईंनी एकच गुलाबाचं फूल चारही ग्रुपांत टाकलं. निशा त्यांच्या घरी गेली.

"मावशी, फूल फक्त शुभेच्छांत टाकायचं."

"आन् बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"तीच माणसं आहेत मावशी चारही ग्रुपांत."

"मग तर अजूनच वाईट दिसंल. एका घरात दिलं आन् दुसऱ्या घरात नाय."

त्यानंतर कुणाचे तरी आजोबा वारले. ही बातमी शुभेच्छांत टाकता येईना, चर्चेत शोभेना. ती 'घेणे-देणे'त आली, आणि तिच्याखाली सवयीनं कुणीतरी विचारलं, "अजून आहे का?" त्यावर जी चर्चा व्हायला हवी होती ती कुठल्या ग्रुपात करायची हे न कळल्यामुळे झालीच नाही. हळूहळू लोक लिहायचेच कमी झाले. 'फक्त पाणी' तर स्वच्छ होता, एकही निरोप नाही. निशा दिवसातून कितीदा तरी तो उघडून समाधानानं बघायची.

शनिवारी त्यात पहिला निरोप आला: 'पाणी आलं.' निशानं धावत जाऊन मोटर लावली. मोटर घरघरली, खोकली आणि तापली. तिनं घाईनं बंद केली. पाणी येऊन गेलं होतं.

"तुझा जुना ग्रुप बरा होता," आई म्हणाली. "त्यात निदान कधीमधी घावायचं तरी."

"कसं घावायचं? निरोप तर तू वाचतच नव्हतीस."

"व्हय, वाचत नव्हते. फोन ओट्यावर पडलेला असायचा टिंग टिंग करत. आन् काम करता करता मनात यायचं, मोटर लावून बघावी. लावली की पाणी असायचं."

"मनात का यायचं?"

"मला काय माहीत. यायचं."

निशाला याचा राग यायला हवा होता; पण कुतूहल त्याच्या पुढं पळालं. 'मनात येणं' हे काही कारण नव्हे. तिनं जुन्या ग्रुपमधली वर्षभराची चर्चा काढली आणि कोणत्या तासाला किती निरोप आले याचा आलेख केला. रेघ दिवसभर उड्या मारत होती. पण साधारण आठवड्याला एकदा ती भर दिवसा एकदम तळाला जायची. अर्धवट वाद, अर्धवट विनोद, सगळं जागच्या जागी थांबलेलं. आणि प्रत्येक खळग्याच्या अलीकडच्या नव्हे, पलीकडच्या काठावर निरोप होता: 'पाणी आलं.'

ती बराच वेळ त्या खळग्यांकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं.

"काय बघायलीस?" सम्यकनं विचारलं.

"दादा, पाणी आलं की माणूस आधी काय करतो?"

"भरतो."

"आणि ग्रुपवर कधी सांगतो?"

"भरून झाल्यावर. आधी सांगितलं तर सगळे मोटरी लावत्यात, दाब जातो." सम्यक थबकला. "आपण बी तसंच करतो की."

"तेच. 'पाणी आलं' म्हणजे पाणी गेलं. खरी खबर म्हणजे ग्रुप गप्प होणं. टिंग टिंग थांबलं की आईला मोटर आठवायची."

"मग?"

"मग मी तो बोलणारा ग्रुप फोडून चार गप्प ग्रुप केले."

नामकरण आता आठवड्यावर होतं. निशा तडक सोमनाथच्या दुकानात गेली.

"चारही एकत्र करायचेत."

"म्हंजे आधी व्हता तसाच?"

"हो."

सोमनाथनं साखर तोलता तोलता तिच्याकडं बघितलं. "मग मधल्या काळात काय झालं म्हणायचं?"

"प्रयोग," निशा म्हणाली. खरं कारण तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गप्प होण्याला काही किंमतच राहिली नसती. आपलेपणा कमी झाला होता, एवढंच ती म्हणाली. ते ऐकून गोजरबाईंनी फुलांचा अख्खा हार पाठवला.

नामकरणाच्या आदल्या दिवशी सकाळी ग्रुपवर गेटचं कुलूप आतून लावावं की बाहेरून, यावर जोरात जुंपली होती. निशा ओट्यापाशी बसून लसूण सोलत होती, फोन शेजारी. सोमनाथ आतूनच्या बाजूनं होता. गोजरबाई बाहेरूनच्या बाजूनं आवाजी निरोपात बोलत होत्या, आणि तो निरोप "मी काय म्हंते" इथंच तुटला. सोमनाथ काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं, मग दिसेनासं झालं. फोन थंड पडला.

निशानं लसूण खाली ठेवला. "आई, मोटर लाव."

"वाजलं का कुठं?"

"कुठंच नाही वाजलं. लाव तू."

मोटर घरघरली, खोकली, आणि मग तिचा आवाज भरदार झाला. निशा जिन्यावरून गच्चीवर पळाली. टाकीत धार पडत होती, मनगटाएवढी. शेजारच्या गच्चीवर कारभारीकाका उभे होते. त्यांच्याही टाकीचं झाकण उघडं होतं, आणि ते फोन नाकाशी धरून एका बोटानं काहीतरी लिहीत होते.

"काका, तुमच्याकडं कधी आलं?"

"तुझ्या जरा आधी."

"मग ग्रुपवर सांगितलं का नाही?"

"लिहायलोय की." त्यांनी फोन तिच्याकडं वळवला. हळदीच्या दुधाचे फायदे होते, आणि खाली प्रश्न: हळद ओली घ्यावी का वाळलेली?

निशाच्या आलेखात हे कुठंच नव्हतं.

"समदे एकदम गप झाले की लोकांच्या ध्यानात येतं, पोरी," काका शांतपणे म्हणाले. "मग मोटरी लागत्यात आन् आपल्या टोकाला थेंब राहत नाय. कुणीतरी बोलत ऱ्हायला लागतं. आता तू बी लिही काहीतरी. एकट्यानं मी किती रेटू?"

निशानं टाकीत डोकावून पाहिलं. अर्धी भरली होती. तिनं लसणाचे हात ओढणीला पुसले आणि लिहिलं: 'ग्रुप पुन्हा फार मोठा झालाय असं वाटतं. छोटे ग्रुप करावेत का? सर्वांनी सविस्तर मत द्यावं.'

धार तशीच जाड पडत राहिली, आणि मधल्या गल्लीतून पहिलं सविस्तर मत यायला सुरुवात झाली.