होडीचं दावं

भाई मयेकर दोर चावून बघतात. बोरिवलीच्या बाजारात, शेठच्या दुकानात, चारचौघांसमोर दोराचं टोक दाढेखाली धरतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "ह्येच्यात जीव नाय." शेठ बिचारा माझ्याकडे बघतो. मी छताकडे बघतो.

भाई आमचे शेजारी. मूळचे मालवणचे. नोकरीची सगळी वर्षं इथल्या एका छापखान्यात काढली, पण हौस म्हणून गोराईच्या खाडीत एक लहानशी होडी ठेवली. मासे कमी, फेरफटका जास्त. आता गुडघे कुरकुरायला लागले, होडीत चढता-उतरता येईना, म्हणून ती गोराईच्याच रूपेशला द्यायची ठरली. रूपेश चाळिशीचा, जातीचा कोळी, भला माणूस. व्यवहार एका चहात झाला. अडलं ते दोरावर.

भाईंच्या घरात गाय विकली तरी तिचं दावं देत नसत. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. हा नियम भाईंनी होडीलाही लावला. जुना दोर घरी राहणार, होडी नव्या दोराने जाणार, आणि तो दोर भाईच पसंत करणार. रूपेशने हात जोडले. "काका, माझ्याकडे ढीगभर दोर आहेत."

"ते तुझ्या होड्यांका घाल."

झालं. दर रविवारी माझी स्कूटर आणि मागे भाई. तागाचा दोर खाऱ्या पाण्यात कुजतो, म्हणून नको. तो निळा प्लास्टिकचा पाण्यावर तरंगतो खरा, पण उन्हात त्याचा भुगा होतो. "ह्यो गणपतीच्या मांडवाक बरो." उरला नायलॉन. तो ताणला की जरा लांबतो, लाटेचा हिसका स्वतः सोसतो, होडीला झटका बसू देत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं आणि तरी प्रत्येक नायलॉनमध्ये खोट काढली. एक जाड, एक बारीक, एकाचा पीळ सैल. एकदा नमुन्याचा तुकडा सोसायटीच्या गेटला बांधून त्यांनी असा काही ओढला, की वॉचमनने सेक्रेटरीला फोन लावला.

शेवटी मी वैतागलो. "भाई, होडी बांधायचीय, हत्ती नाही."

ते हळूच म्हणाले, "दोर मिळालो की ती जातली रे."

काकू गेल्यापासून भाई रोज संध्याकाळी खाडीवर जात. मुलगी पुण्याला, मुलगा परदेशात. दोघंही मायाळू, पण दोघंही फोनवर. ज्याच्यासाठी घराबाहेर पडावं असं त्यांचं एवढंच उरलं होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मुकाट्याने एक नायलॉनचा दोर घेतला आणि आम्ही खाडीवर गेलो. भरती होती. रूपेशने होडी आपल्या जागेवर नेली आणि नवा दोर खांबाला बांधला. आखूड, ताठ, आणि गाठ तर बुटाच्या नाडीची. ओहोटीला पाणी उतरलं असतं, तर होडी दोराला लोंबकळली असती.

भाई भडकले. "मेल्या, कोळ्याचो पोर असान तुका गाठ येणा नाय? होडी टांगून घालतलस काय?"

रूपेशने मान खाली घातली. "नाही जमत, काका. तुम्ही येऊन बघत जा ना. रोज."

शेजारी त्याच्याच दोन होड्या उभ्या होत्या. दोराला हवी तेवढी ढील, गाठी अशा की बघत राहावं. मी त्या बघितल्या. भाईंनीही बघितल्या, बराच वेळ. मग चष्मा काढून पुसला, गुडघा धरत खाली बसले आणि रूपेशची गाठ सोडून नीट बांधून दिली.

"उद्या भरती दुपारची," ते म्हणाले. "मी जेवान येतंय."