निळा उतार आणि लाल गालिचा

एका जंगलात, म्हणजे मुलांनो, बाहेर 'जंगल' अशी पाटी लावावी लागत नाही अशा खऱ्या जंगलात, मुरमाचा एक उघडा उतार होता. उताराच्या तळाशी येसूआत्याचं बीळ होतं. येसूआत्या म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभाव मऊ.

दर पावसाळ्यात उतारावरची माती वाहत यायची आणि थेट आत्याच्या घरात शिरायची. एक वर्ष तिने माती उपसली. दुसऱ्या वर्षीही उपसली. तिसऱ्या वर्षी उपसता उपसता तिचं एका कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथली माती जागची हललीच नव्हती. तिथे विष्णुक्रांतेचा एक पुंजका जमिनीला बिलगून पसरला होता. बोटभर उंची, लवदार बारीक पानं, नखाएवढी निळी फुलं.

"अस्सं होय," आत्या म्हणाली.

आता साळिंदर म्हणजे मुळं खाणारा प्राणी. दिसलं मूळ की उकर आणि खा, हा त्यांचा कुळाचार. येसूआत्याने त्या दिवसापासून मुळं लावायला घेतली.

"येसू, जेवण पुरून ठेवतेयस का गं?" शेजारच्या कपारीतून घोरपडकाकूंनी विचारलं. काकू दिवसभर उन्हात पडून असायच्या, त्यामुळे त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असायचं.

"माती धरायला लावतेय, काकू. तुमच्याही कपारीत चिखल येतोच ना?"

"येतो की. पण मी अर्ज केलाय."

"कधी?"

"म्हणजे माझ्या आईने केला होता."

आत्याने मुरूम हातांनी भुसभुशीत केला. सुकलेली बोंडं वेचून बी जमवलं आणि पावसाच्या तोंडावर पेरलं. बी आडमुठं निघालं. दहातलं तीन उगवलं. मग तिने मुळासकट फांद्या आणून वीत-वीतभर अंतरावर लावल्या. लाडाने शेणखत घातलं, तर पानं माजली आणि फूल येईना. रोज पाणी घातलं, तर मुळं कुजली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या झाडाला ऊन हवं, पाण्याचा निचरा हवा आणि बाकी आपण त्याच्या वाटेला जाऊ नये. फक्त मधलं गवत वेळेवर उपटायचं. हे काम तिने तीन वर्षं न चुकता केलं.

साळिंदरं दिवसा झोपतात. फुलं तर सकाळी उमलायची. म्हणून आत्याने झोपेची वेळच बदलली. सूर्य वर आला की अख्खा उतार निळा व्हायचा. ती बिळाच्या तोंडाशी बसून बघत राहायची. दुपार झाली की फुलं मिटायची आणि उतार पुन्हा मळकट हिरवा. फुलांची वेळ संपली, आत्याची झोप सुरू.

आणि त्या वर्षी पावसाळ्यात तिच्या घरात चिमूटभरही माती आली नाही.

नेमकं तेव्हाच जंगलात सुशोभीकरण समिती स्थापन झाली. अध्यक्ष सांबरराव. शिंगं एवढी मोठी की त्यांना खाली बघायला जमायचं नाही. समितीने ठरवलं, हा उतार ओसाड आहे, याच्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे. ठेका रानडुकराला मिळाला. जंगलात कुठलाही ठेका त्यालाच मिळायचा. मांडवही त्याचा, खुर्च्याही त्याच्या, फरशीही त्याची.

आत्या धावत आली. "अहो सांबरराव, फरशी घातली तर पाणी मुरणार कुठे? सगळा लोंढा आमच्या घरात येईल!"

"घर हलवा," रानडुक्कर म्हणाला.

"आणि माझी फुलबाग?"

"कुठली फुलबाग?" सांबररावांनी विचारलं. दुपारचे तीन वाजले होते.

"फुलं मिटलीत आता. सकाळी या, म्हणजे दिसतील."

"समितीची पाहणी जेवणानंतर असते. तशी नियमावली आहे."

"फुलांना नियमावली कोण वाचून दाखवणार?"

"हे बघा आत्या, तुम्ही ज्येष्ठ आहात, म्हणून सांगतो," सांबरराव म्हणाले. "गुरुवारी फरशीच्या शुभारंभाला खुद्द वाघमहाराज येतायत. सकाळी नऊला. त्यांना फुलं दिसली तर बाग राहील. नाही दिसली तर फरशी."

आत्या कबूल झाली. सकाळी नऊ म्हणजे फुलांची ऐन भराची वेळ. सांबररावांनीही हौसेने निमंत्रणपत्रिकेत छापून टाकलं, 'निळ्या फुलांचा उतार, अवश्य पाहा'.

गुरुवार उजाडला. आत्याने पहाटेच गवताची शेवटची काडी उपटली. आठला उतार निळा होऊ लागला. नऊला असा काही निळा झाला की घोरपडकाकू स्वतःहून उठून उभ्या राहिल्या. तसं त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं.

कर्णा ओरडला, "महाराज थोड्याच वेळात आपल्यात येत आहेत."

दहा वाजले. महाराज तळ्यावर एका सत्कारात होते. अकरा वाजले. तळ्यावर भाषण चालू होतं. बारा वाजले. भाषण संपलं, पण जेवण सुरू झालं. कर्णा मात्र "थोड्याच वेळात" म्हणतच होता.

पहिलं फूल मिटलं. मग दुसरं. आत्या उतारावर पळत सुटली. इथे सावली कर, तिथे पानांनी वारा घाल. "अगं बायांनो, तासभर तरी कळ काढा," ती विनवत होती. पण मुलांनो, फुलांना प्रमुख पाहुणे समजत नाहीत. एक वाजता उतारावर एकही फूल नव्हतं. सहा वर्षांचे कष्ट, आणि आता घरही जाणार.

सांबररावांनाही घाम फुटला. पत्रिकेत फुलं छापली होती आणि ती त्यांच्या सहीने. फुलं दिसली नाहीत तर महाराज नाराज होणार. आणि महाराज नाराज झाले की त्यांना भूक लागते, हे जंगलातल्या प्रत्येक सांबराला माहीत असतं.

"काहीतरी पसरा! फुलांचं काहीतरी पसरा!" ते ओरडले.

रानडुकराने मांडवातला लाल गालिचा काढला. त्याच्यावर परातीएवढी पिवळी फुलं विणलेली होती. पाच रानडुकरांनी मिळून तो वरपासून खालपर्यंत अंथरला. विष्णुक्रांता सगळी खाली गेली.

चार वाजता महाराज आले. जेवण अंगावर आलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी उताराकडे पाहिलं.

"वा! काय फुलं आहेत! पण पत्रिकेत निळी लिहिली होती ना?"

सगळ्यांनी सांबररावांकडे पाहिलं.

"आपल्याला पाहून लाजली, महाराज," सांबरराव म्हणाले. "म्हणून लाल झाली."

महाराज खूश झाले. त्यांनी वाकून वास घेतला. गालिच्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. "सुगंधही आहे! कोणी वाढवली ही बाग?"

आत्याला पुढे ढकलण्यात आलं. तिच्या तोंडावर आलं होतं की महाराज, खरी बाग याच्याखाली आहे. पण गालिचा उचलला तर खाली मिटलेली फुलं, म्हणजे फरशी आणि घरात लोंढा. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. मग तिने ठरवलं, विचारतील तेवढंच खरंखुरं सांगायचं.

"पाणी किती लागतं?"

"जवळजवळ नाहीच, महाराज. जास्त घातलं तर कुजतात."

"आणि खत?"

"अजिबात चालत नाही."

"ढोरं खात नाहीत?"

"वरवर तोंड लावून बघतात, सोडून देतात."

"पायाखाली आली तर?"

"सोसतात बिचारी."

"कीड?"

"आजपर्यंत तरी नाही."

शेवटी कपारीतल्या घोरपडकाकूंना ठसका लागला.

महाराजांनी पंजा वर केला. "असं झाड आजवर पाहिलं नाही! हा उतार असाच राहील. इथे एकही फरशी बसणार नाही. दर वर्षी याच दिवशी, याच वेळी मी बघायला येईन. बाई, या बागेची जबाबदारी तुमच्यावर!"

टाळ्या झाल्या. सांबररावांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

महाराज वळणाआड गेले, तशी आत्याने काकूंना हाक मारली. दोघींनी मिळून गालिचा गुंडाळला आणि बिळाच्या कोरड्या कोपऱ्यात उभा करून ठेवला. महाराजांनी वाखाणलेली बाग परत कशी मागणार, म्हणून रानडुकराने गालिच्याचं नाव काढलं नाही. खालची विष्णुक्रांता चपटी झाली होती. चार दिवस रुसली. पाचव्या दिवशी सकाळी उतार पुन्हा निळा.

पुढे सगळं सुरळीत चाललं. समिती दर महिन्याला दुपारी तीनला पाहणीला यायची. काकूंना ती लांबून दिसायची. त्या शेपटी आपटायच्या, की दोघी मिळून गालिचा अंथरायच्या. सांबरराव वहीत लिहायचे, 'फुलं टवटवीत, मागच्या महिन्याइतकीच'. समिती गेली की गालिचा आत. पावसाळा आला आणि गेला, दोघींची घरं कोरडी राहिली.

बागेचं नाव झालं. लांबलांबच्या जंगलांतून शिष्टमंडळं येऊ लागली. आत्या प्रत्येकाला सावलीत बसवायची. मुरूम कसा भुसभुशीत करायचा, पाण्याचा निचरा कसा ठेवायचा, गवत कधी उपटायचं, सगळं समजावून सांगायची. निघताना पानाच्या पुडीत चिमूटभर बी बांधून द्यायची.

पाहुणे ऐकून घ्यायचे. माना डोलवायचे. मग पुडी तिथेच विसरून, जाता जाता काकूंच्या कानाशी लागायचे.

"ते सगळं ठीक आहे हो. गालिचा कुठून घेतला तेवढं सांगा."

तात्पर्य: कष्टाचं चीज होतं. फक्त ते होत असताना कोणी बघायला येणार नाही, एवढी काळजी घ्यावी. आणि येणारच असेल, तर त्याला भरपेट जेवायला घालून मग बोलवावं.