गुलाबराव मास्तरांचा पाटकरी

गुलाबराव मास्तरांना कोणी नमस्कार केला, की प्रतिनमस्कारापूर्वी ते त्याच्या गुडघ्याला हात लावीत. तोही उलटा. सांध्याची ऊब पाहण्यासाठी.

सांगवीच्या शाळेत विज्ञान शिकवून ते एकोणीसशे नव्वदच्या सुमारास निवृत्त झाले. शिकविणे मात्र थांबले नाही. मला म्हणत, "शास्त्रीबुवा, रक्त म्हंजे कालव्याचं पाणी, सांधा म्हंजे वावर. आन् मज्जातंतू हा पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी! त्यानं दार आवळलं की सांधा गार. इजा झाली की दार सताड उघडतोय. मग सुजतंय, तापतंय." एवढे सांगताना ते उठत, चपला घालीत, काढीत, पुन्हा बसत.

एकदा मी मारुतीच्या देवळात विष्णुसहस्रनाम म्हणत बसलो असता मागून हात आला आणि माझा गुडघा चाचपून गेला. "म्हणा, म्हणा. पाटकरी जागा हाय." श्रीहरीच्या कोणत्या नामावर मी होतो, ते काही केल्या आठवेना. पुन्हा आरंभापासून म्हणावे लागले.

बावड्याच्या एका लग्नात तर त्यांनी भर मांडवात वरपित्याचा गुडघा पाहिला. "डावा गार हाय तुमचा. मोजे घाला." वरपिता रुसला, पण पंगतीला बसला तो मोजे घालूनच. चूक दिसली आणि मास्तर गप्प राहिले, असे कधी घडले नाही.

त्यांच्या पत्नी शेवंताबाई. त्यांचे डावे अंग पक्षाघाताने गेलेले. पुढे संधिवात जडला, तेव्हा उजव्या हाताची बोटे सुजून वाकडी झाली. लुळ्या डाव्या हाताची मात्र सरळ, नितळ राहिली.

"मेंदूचा हुकूमच पोचत न्हाय तिकडं," मास्तर म्हणाले. "म्हणून पाटकरी दार उघडत नसंल. सूज न्हाय. पण..." वाक्य अर्धवट टाकून ते अंगणात गेले, आले, पुन्हा गेले.

त्या हाताला जाणीव परत यावी, हाच त्यांचा ध्यास. उजवा हात धरावा तर बाईंना कळ येई. म्हणून रोज सायंकाळी ते डावा धरीत. एके दिवशी मी समोरच होतो.

"डोळे मिट. सांग, कंचं बोट?"

"करंगळी."

मास्तरांच्या चिमटीत मधले बोट होते.

"बरोबर!" मास्तर म्हणाले.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. किंचित हसल्या. "मी रोज करंगळीच म्हणतीय, आन् रोज बरोबरच येतंय बगा."

मास्तर उठले नाहीत. ते मधले बोट हलके हलके चोळीत, दिवेलागण होईपर्यंत तेथेच बसून राहिले.