काळी चारचा मान

जयवंतीबुवांच्या पेटीतली काळी चार लॅपटॉपमध्ये राहायला यायला तयार झाली, पण आपला श्वास कापू द्यायला ती तयार नव्हती.

बाकीच्या काळ्या-पांढऱ्या सुरांनी काही कुरकुर केली नव्हती. पेटी म्हातारी झालेली. खाऱ्या हवेनं तिच्या भात्याचं चामडं खाऊन टाकलं होतं आणि ती नीट करणारा हात कुडाळात उरला नव्हता. जयवंती मेस्त्री म्हणजे बायकांच्या डबलबारीतलं मोठं नाव. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात आणि देवाचं नाव घेता घेता एकमेकांची यथास्थित खरडपट्टी काढतात. मंडळाचा मुख्य गाणारा तो बुवा. तो बाई असला तरी त्याला बुवाच म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

पेटी जाणार म्हटल्यावर बुवा रडत बसल्या नाहीत. त्यांनी एक कीबोर्ड घेतला, भाच्याचा जुना लॅपटॉप मागून आणला आणि पेटीतले सूर त्यात भरायचं ठरवलं. सॉफ्टवेअर कुणी शिकवलं नाही. त्यातली प्रत्येक कळ त्यांनी दाबून बघितली, बिघडलं की मागे फिरल्या, पुन्हा दाबली. भात शिजवायला शिकतात तसंच ते. दोनदा करपतो, तिसऱ्यांदा जमतो. महिनाभरात बुवा सुराचं चित्र बघून तो कुठे हलतोय ते सांगायला लागल्या. असली बाई गावात असावी आणि तिच्यापुढे आपण जरा सावरून बसावं.

सूर एकदा ध्वनिमुद्रित केला की तो पेटी सोडतो. एका सुराला दोन घरी राहता येत नाही. त्यामुळे पेटी एकेका पट्टीनं रिकामी होत गेली. मुद्रित झालेली पट्टी दाबली की नुसता वारा यायचा.

पडद्यावर सूर मोठा देखणा दिसतो. आधी काडीसारखी बारीक रेघ, मग एकदम फुगलेलं पोट. ती काडी म्हणजे भात्याचा श्वास, सुराच्या आधीचा वारा. तो ठेवला तर कीबोर्डवर बोट पडल्यावर सूर जरा थांबून उमटतो. म्हणून काडी कापायची. बांगडा साफ करावा तशा बुवांनी सगळ्या सुरांच्या काड्या साफ केल्या आणि काळी चारवर माऊस नेला.

तेव्हा स्पीकरमधून काळी चार शांतपणे म्हणाली, "माझो श्वास कापशीत तर मी वाजूचंय नाय."

बुवांनी तिला समजावलं. बाकीच्यांनी कापून घेतलाय, तूच काय ती वेगळी, आणि तू अशी उशिरा यायला लागलीस तर लोक हसतील.

"मी उशिरा येणंय नाय," काळी चार म्हणाली. "मी दम घेवन येतंय."

सुराशी वाद घालायची बुवांना सवय नव्हती. गाणाऱ्याचं ऐकायचं, हे सुराचं काम. त्यांनी काडी कापली, सेव्ह केलं आणि चहा ठेवायला गेल्या. परत येऊन बघतात तर काळी चारची रेघ सपाट. फाईल जाग्यावर, नाव तेच, वजन तेच, आवाज मात्र नाही. काळी चार रजेवर गेली होती.

आता ही दुसरी कुठली पट्टी असती तर भागलं असतं. पण काळी चार ही बुवांची स्वतःची पट्टी. जन्मभर त्या तिच्यातच गायल्या. आणि सप्ताहातली बारी तोंडावर आलेली, समोर मनोरमा तेली, तिचीही पट्टी काळी चारच. मनोरमाबुवांना बातमी मासळीबाजारात लागली आणि त्यांनी पापलेट निवडता निवडता निरोप धाडला, "आता चारचौघांत नको, तीनतिघांत गा म्हणान सांगा तिका."

बुवांनी प्रभारी नेमायचं ठरवलं. शेजारची पांढरी पाच अर्ध्या सुरानं वर ताणली आणि काळी चारच्या जागी बसवली. पांढरी पाच भिडस्त. ती म्हणाली, मी खुर्चीवर बसते, पण मला काळी चार म्हणून हाक मारू नका, मी ओ देणार नाही. तरी तिनं कार्यभार इमानानं सांभाळला.

तालमीला मृदंगावर बुवांची धाकटी जाऊ सुगंधा. कीबोर्ड पाण्यासारखा वाजत होता. बोट पडायच्या आत सूर हजर. पहिला अभंग झाला आणि सुगंधानं मृदंगावरचा हात उचलला.

"वयनी, सूर बरो चलता," ती म्हणाली, "पन तू धापा टाकतंस."

बुवांनी तिला झापलं, वयाचं मला सांगू नकोस म्हणून. पण खरं होतं ते. त्यांना दम घ्यायला जागाच सापडत नव्हती. इतकी वर्षं पेटी आधी श्वास घ्यायची आणि तिच्याबरोबर नकळत बुवा. आता सूर दारात उभा आणि छाती रिकामी. आपल्याच हातानं आपण काय कापलं, हे बुवांना कळलं. पण कळलं म्हणून लगेच कबूल करणाऱ्या त्या नव्हेत. त्या लॅपटॉप पिशवीत घालून देवळात आबा गावकरांकडे गेल्या.

आबा हे देवस्थानाचे पहिले मानकरी. कोकणात भांडण बांधाचं असो की नारळाचं, शेवटी ते मानाशी येऊन थांबतं, आणि मान आबांना तोंडपाठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सपाट रेघ चष्मा लावून बघितली. श्वास किती लांबीचा, आधी कुणी हरकत घेतली होती का, पेटीत तो चालू होता का, हे विचारलं. पेटीत तो पहिल्यापासून चालू होता, असं बुवांनी सांगितलं.

"मगे?" आबा म्हणाले. "पालखी मानकऱ्याच्या दारात थांबता, तेव्हा ती उशिरा इली असा कोन म्हणना नाय. तो तिचो मान. तो कापूक तुका कोनी सांगल्यान?"

निवाडा झाला. बुवा घरी आल्या आणि एकेक पाऊल मागे फिरत काडी होती तिथपर्यंत पोचल्या. सॉफ्टवेअरमध्ये ही एक सोय आहे, ती संसारातही हवी होती. तरी रेघ सपाटच. तेव्हा आबांनी येऊन लॅपटॉपपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. ह्या लेकरान काय चूकभूल केली आसात ती पदरात घे, आणि हिचो जो काय मान आसा तो हिका मिळानी दे रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," बाकीचे सगळे सूर आपापल्या जागेवरून म्हणाले. पांढरी पाच सर्वांत मोठ्यानं म्हणाली आणि खुर्ची सोडून उठली.

रेघ हलली. आधी काडी आली, मग पोट.

"इलंय," काळी चार म्हणाली.

बारी दुपारची होती. देवळाचा सभामंडप पायरीपर्यंत भरला होता. जयवंतीबुवांनी काळी चारवर बोट ठेवलं. काही वाजलं नाही. सुगंधाचा हात मृदंगावर अधांतरी थांबला. मग भात्याचा वारा मंडपभर फिरला, बायकांच्या पदरांना लागला आणि बुवांची छाती भरली. पाठोपाठ सूर आला. काय सूर होता तो! जयवंतीबुवा गायल्या. तिशीत गायल्या नसतील तशा गायल्या, आणि त्यात मनोरमाबुवांच्या पापलेटाचाही योग्य तो समाचार घेतला.

मग मनोरमाबुवांची पाळी आली. त्यांनी आपल्या पेटीवर काळी चार दाबली. ती वाजेना. भाता धडधाकट, सूर नाही. मोठा मानकरी बसलेला असताना धाकट्यानं पुढे होऊ नये ही रीत, आणि त्यांची काळी चार रीतीतली होती. मंडपात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. मनोरमाबुवांनाही नाही. त्या उठल्या, समोरच्या कीबोर्डापुढे आल्या आणि पदर सावरून त्यांनी विचारलं, "घेव काय बारी?"

"घे," काळी चार म्हणाली. "पन माज्यात नको."

त्या दुपारी मनोरमाबुवा पांढरी सहात गायल्या. आणि खोटं कशाला बोला, गोड गायल्या.