पुलीवरचे वेढे

भगवंतरावांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते : मोजणारी आणि बोलणारी. ते स्वतः सुरतेच्या पांडेसऱ्यातील एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे कापडाचा रंग नमुन्याशी जुळवत आले होते. त्यांचा मेहुणा प्रदीप, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणारा लूमफिटर, हा बोलणाऱ्यांपैकी होता. रविवारी सकाळी दहापर्यंत हे सप्रयोग सिद्ध होईल, असे भगवंतरावांनी पत्नीला, चंपाबाईंना, आदल्या दिवशीच बजावले होते.

वाद १९९३ चा. वसाहतीच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक होते भगवंतराव. त्यांनी प्रदीपच्या गाण्याबरोबर घरच्या टेपरेकॉर्डरवर मूळ कॅसेट लावली आणि प्रदीप प्रत्येक कडव्याला मागे पडत गेला. निकालपत्रावर शेरा पडला : 'रेंगाळतो'. त्या दिवसापासून प्रदीप बहिणीच्या घरी जेवत असे, भांडत असे. गात मात्र नसे. आता गुरुवारी लेकीची, निशाची हळद होती. मामाने गावे, अशी चंपाबाईंची इच्छा होती आणि मामाची एकच अट होती : भाऊजींनी चारचौघांत चूक कबूल करावी.

"पुरावा असेल तर करतो," भगवंतराव म्हणाले आणि माळ्यावरून तोच टेपरेकॉर्डर उतरवला.

रविवारी नाश्त्याला आणलेल्या लोचोच्या प्लेटा रिकाम्या झाल्या. कॅसेट फिरू लागली. त्या काळी सुरतेच्या प्रत्येक पानाच्या टपरीवर वाजणारे ते विरहाचे गाणे सुरू झाले, आणि चंपाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"ऐका," भगवंतराव म्हणाले. "ही मूळ चाल. आता प्रदीपने यासोबत गाऊन दाखवावं."

"मी नाही गात," प्रदीप म्हणाला. "मी रेडिओवर ऐकलं तसं गायलो होतो. तेव्हाही सांगितलं होतं."

निशाने मोबाइलवर तेच गाणे लावले. ते सावकाश निघाले, जणू गायकाला घरी जायची घाई नव्हती.

"पप्पा, मामा बरोबर बोले छे," ती म्हणाली. "फोनवर पण असंच आहे ने."

भगवंतरावांच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. "फोनचं काय सांगतेस? नेट हळू असेल, म्हणून गाणं हळू."

हे वाक्य उच्चारताच ते चूक आहे, हे त्यांना कळले. विज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाने असे बोलावे, याचा त्यांना इतका संताप आला की तो त्यांनी तत्काळ निशावर काढला. "आणि घरात गुजराती बोलू नकोस!"

"तुमचं डोकं कायले तापून राहिलं?" चंपाबाई म्हणाल्या. "लेकीची हळद आहे, कोर्टाची तारीख नाही."

प्रयोगशाळेतले स्टॉपवॉच बाहेर आले. भगवंतरावांनी गाणे तीन वेळा मोजले. कॅसेटवर : चार मिनिटे छप्पन सेकंद, तिन्ही वेळा. फोनवर : पाच मिनिटे अठरा सेकंद.

"बावीस सेकंदांचा फरक," त्यांनी जाहीर केले. "फोनवाल्यांनी गाणं ताणलं आहे. कंपनीचा छापील पुरावा कॅसेटच्या याच डबीत आहे. त्या वेळी मोबाइल जन्मलाही नव्हता. निशा, वाच."

निशाने डबीतला पिवळा कागद उलगडला. तो मनातल्या मनात दोनदा वाचला.

"मोठ्याने वाच."

"पाच मिनिटं अठरा सेकंद, पप्पा."

प्रदीप हसला नाही, आणि भगवंतरावांना त्याचाच अधिक राग आला. माणूस हसला असता तर निदान भांडता आले असते.

"स्क्रूड्रायव्हर आण," प्रदीप भाचीला म्हणाला. त्याने टेपरेकॉर्डर पालथा घातला, मागचे झाकण काढले, आणि मोटरच्या इवल्याशा पुलीवर बोट ठेवले. पुलीवर काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे होते.

"पट्टा घसरत होता म्हणून पुली जाड केली. पुली जाड, की मशीन जोरात. हे लूमवाल्याचं काम आहे, भाऊजी. कोणी केलं?"

"कोणी म्हणजे?" चंपाबाई म्हणाल्या. "लग्नानंतर पयल्या दिवाळीले, त्या स्पर्धेच्या आधी, यांनीच तर गुंडाळली होती. माह्यासमोर. म्हणत होते, पाच मिनिटांचं काम, मेकॅनिक कायले?"

भगवंतरावांना सगळे आठवले. पट्टा ढिला होता, सणाचा दिवस होता, दुकाने बंद होती. आणखीही एक गोष्ट आठवली, आणि ती आठवताच त्यांचा आवाज पूर्ववत चढला.

"हे मला कोणी शिकवलं? तू! तुझ्या तेव्हाच्या उधन्याच्या कारखान्यात तुला डबा द्यायला आलो होतो. लूमचा पट्टा घसरला, तू पुलीला चिंधी गुंडाळलीस आणि म्हणालास, भाऊजी, हे कॉलेजात शिकवत नाहीत."

प्रदीपने बहिणीकडे पाहिले. म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वी आपल्याला हरवणारे यंत्र आपणच बिघडवायला शिकवले होते, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर पायरीपायरीने उतरत गेला.

"तरी मी रेंगाळत नव्हतो," तो पुटपुटला.

"नव्हतास," भगवंतराव म्हणाले. दात आवळून, पण सगळ्यांसमोर. "शेरा मागे घेतो."

"मग गाणं आत्ताच म्हण, दादा," चंपाबाई म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत तुम्हा दोघांचा भरवसा नाही."

प्रदीपने घसा खाकरला आणि तो गाऊ लागला. चंपाबाईंनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. निशाने फोन बंद केला. भगवंतराव भिंतीला टेकून ऐकत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांचे कपाळ आक्रसले. तिसऱ्याला हात आपसूक खिशातल्या स्टॉपवॉचकडे गेला.

प्रदीप रेंगाळत होता. फोनवरच्या गाण्याच्याही मागे.

"कसा गायला हो?" शेवटी चंपाबाईंनी विचारले.

भगवंतरावांनी रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

"अचूक," ते म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दिलेला हा पहिला खोटा अहवाल होता, आणि तो सर्वांनी एकमताने मान्य केला.