शेजारचा फ्लश

२० नोव्हेंबर. आजची कामं दोन. एक, लेडीज टॉयलेटच्या दारावर लावायची सूचना लिहिणे. दोन, हिरामावशींकडून माफीनामा लिहून घेणे. पहिलं काम पाच मिनिटांत झालं. दुसरं का झालं नाही, हे सांगायचं तर आधी हिरामावशी सांगायला हव्यात.

हिरामावशी टॉयलेटमध्ये कुणाला फोनवर बोलू देत नाहीत. म्हणजे मनाई करत नाहीत, दार वाजवत नाहीत, माझ्याकडे तक्रारही आणत नाहीत. आतून "हां, बोल ना" असं ऐकू आलं की त्या शेजारच्या टॉयलेटात जातात आणि फ्लश ओढतात. टाकी भरेपर्यंत थांबतात आणि पुन्हा ओढतात. मधल्या वेळात बादलीत नळ सोडून ठेवतात, म्हणजे कार्यक्रमात खंड पडत नाही. आतली मुलगी ओरडते, "कोण आहे बाहेर?"

"कोन नाय," मावशी शांतपणे सांगतात. "तू कुठं बसलीस ते पलीकडच्याला कळू दे."

आमचा कारखाना बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मी ॲडमिन बघते, म्हणजे जे काम कुणाचंच नसतं ते सगळं बघते. मावशी ऑफिसात अटेंडंट. चहा, फायली, टपाल, पाहुण्यांना पाणी. रोज किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून येतात. टॉयलेटची स्वच्छता कंत्राटदाराकडे आहे, तेव्हा मावशींचा तिथे कामापुरताही संबंध नाही. मी एकदा तसं म्हणाले, तर म्हणाल्या, "रस्त्यावर कोन थुंकला तर तुमी बोलता का नाय? रस्ता काय तुमच्या नावावर हाय?"

मुलींची बाजूही सांगायला हवी. आमच्या आवारात दोन इमारती. मागे प्लांट, तिथे पटकन पेट घेणारे सॉल्व्हंट असतात, म्हणून मोबाईल नेता येत नाही. सकाळी गेटवर जमा करायचा, संध्याकाळी घरी जाताना परत. पुढे ऑफिस आणि लॅब, तिथे मोबाईल चालतो. पण आमचे जनरल मॅनेजर काचेमागे बसतात आणि काचेतून त्यांना फक्त फोनवर बोलणारी माणसं दिसतात. त्यामुळे ज्यांना घरचं, लग्नाचं किंवा भांडणाचं बोलायचं असतं त्या मुली टॉयलेटमध्ये जातात. आमच्याकडे टॉयलेटं तीन, आणि जेवणाच्या सुट्टीत तिन्हींत संभाषण चालू. ज्यांना खरोखरच जायचं असतं त्या बाहेर भिंतीला टेकून उभ्या.

अकाउंट्समधल्या एका मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. ती आत बसून होणाऱ्या सासूबाईंशी साडीच्या रंगाबद्दल बोलत होती. मावशींनी शेजारी जाऊन लागोपाठ दोनदा फ्लश ओढला. पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "अगं, तू आहेस तरी कुठे?" पोरगी गडबडली आणि म्हणाली, "धबधब्यावर." मार्च महिन्यात, बोईसरमध्ये. लग्न झालं, सुखात आहे, पण सासूबाई अजून त्या धबधब्याची चौकशी करतात म्हणे.

तिने मावशींना जाब विचारला, तेव्हा मी तिथेच होते.

"मावशी, तुम्हाला काय त्रास होतो हो?"

"मला कसला त्रास? तू तिथं बसून जेवशील का?"

"शी!"

"मग सासूला कशाला नेतेस तिथं? आपलं मानूस हाय ना ते?"

मावशींचा हा कायदा वासालाही लागू आहे. त्यांचं घर कोळ्याचं. डब्यात सुके बोंबील नाहीतर जवळा असतोच. पण तो डबा त्या फडक्यात, फडकं पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून आणतात, आणि जेवायला इमारतीमागे सायकल स्टँडपाशी बदामाच्या झाडाखाली बसतात. "माझी चव, दुसऱ्याच्या नाकाला कशाला?" मी स्वतः पालघरची वाडवळ, सुकटावर वाढलेली, मला त्या वासाचं काहीच नाही. पण त्या मलाही जवळ बसू देत नाहीत. जेवणाची ती वेळ त्यांची एकटीची असते.

इतक्या वर्षांच्या सेवेने मावशींचा कान तयार झाला आहे. पहिल्या टॉयलेटचा फ्लश आधी खोकतो, दुसऱ्याचा लांबण लावतो, तिसरा रुसलेला, दोनदा ओढावा लागतो. पँट्रीत चहा गाळता गाळता त्या सांगतात, "दोन नंबरला कोनतरी गेलं." प्लंबर येतो तेव्हा मला विचारत नाही, मावशींना विचारतो.

कायद्याला अपवाद एकच. लॅबमध्ये रिंकी नावाची मुलगी आहे, उत्तर प्रदेशातली, इथे भाड्याच्या खोलीत मैत्रिणींबरोबर राहते. ती आत बसून रडत रडत बोलत होती. मावशी शेजारी गेल्या, साखळीला हात घातला आणि थांबल्या. मग दारावर टकटक केलं.

"माँ से बात करती हाय?"

"हाँ, मौसी."

"तो बाहर आके कर. इधर मत कर."

आणि पँट्रीतलं स्वतःचं स्टूल पॅसेजमध्ये आणून तिला बसवलं, आणि मॅनेजरसाहेब काचेतून बघणार नाहीत अशा बेताने स्वतः समोर चहाचा ट्रे धरून उभ्या राहिल्या. बोलणं होईपर्यंत. ट्रेमधला चहा साहेबांचाच होता. तो थंड झाला.

तेव्हापासून ऑफिसातल्या सगळ्या मुली सगळ्यांशीच बोलताना "हां आई, हां आई" म्हणायला लागल्या. पण मावशी फसत नाहीत. "आयशीशी बोलताना पोरी एवढ्या गोड नाय बोलत," म्हणतात, आणि साखळी ओढतात.

त्यांच्या स्वतःच्या मुलीबद्दल आम्हाला जे ठाऊक आहे ते त्यांनीच सांगितलेलं. नाव सुषमा. बंगळूरला मोठ्या हॉस्पिटलात नर्स. नवरा गेल्यावर मावशींनी एकटीने तिला शिकवलं. ती रोज दुपारी आईला फोन करते. "एक दिवस चुकत नाय," मावशी सांगतात. "तिला वेगळी केबिन दिली हाय. केबिनीत बसते न् मला फोन करते." ही केबिन ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. कुणाच्या मुलाला नोकरी लागली की मावशी पेढा तोंडात टाकण्याआधी विचारतात, "केबिन हाय का?"

तर, माफीनामा.

परवा आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून ऑडिटला एक बाई आल्या होत्या. हुशार, तरुण, कपाळावर आठी. जेवणानंतर त्या टॉयलेटमध्ये गेल्या आणि तिथूनच त्यांच्या साहेबांना फोनवर आमचा अहवाल सांगू लागल्या. मावशींना त्या कोण हे माहीत होतं. सकाळी मावशींनीच त्यांना नारळपाणी दिलं होतं. तरी मावशी शेजारी गेल्या. दोन नंबरचा, लांबण लावणारा फ्लश ओढला. बाईंच्या साहेबांनी म्हणे पलीकडून विचारलं, "आपण नंतर बोलूया का?"

बाई बाहेर आल्या त्या सरळ मॅनेजरसाहेबांच्या काचेमागे गेल्या.

आज सकाळी साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, उद्यापर्यंत लेखी माफी पाहिजे. नाहीतर त्या मावशीला मागे प्लांटमध्ये पाठवा. पॅकिंगला माणूस कमीच आहे."

मी दोन्ही गोष्टी मावशींना सांगितल्या. आधी माफी.

"कशाची? मी नळ सोडला, साखळी ओढली. संडासात जाऊन दुसरं काय करतात?"

"मावशी, नुसत्या दोन ओळी. मी लिहिते, तुम्ही सही करा."

"त्या बाईने तिच्या सायबाची माफी मागितली का? त्याला संडासात नेलं म्हनून?"

"मग पॅकिंगला जावं लागेल."

"जाईन. हात हायत ना मला." कपबशा विसळता विसळता त्या थांबल्या. "तिथं फोन गेटवर ठेवायचा ना?"

"हो."

"जेवायच्या सुट्टीत देतात?"

"नाही. घरी जाताना."

त्या तीच बशी पुन्हा विसळायला लागल्या. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, जेवण झाल्यावर सही घ्यायला येते.

सुट्टीत पँट्रीत गेले तर कागद तसाच, मावशी नाहीत. मग इमारतीमागे गेले. एरवी मी तिथे जात नाही. मावशी बदामाखाली पायऱ्यांवर बसल्या होत्या, डबा उघडा, फोन मांडीवर, स्पीकर लावलेला, कारण डाव्या कानाने त्यांना कमी येतं. मला पाहून त्यांनी हाताने थांबायची खूण केली. मी थांबले.

"जेवलीस का गं?" मावशी.

"जेवते गं आता. तू औषध घेतलंस?" मुलीचा आवाज दबका आणि घुमणारा. चारी बाजूंनी फरशा असल्या की घुमतो तसा.

"घेतलं. तुझं काम कसं हाय?"

"चालू आहे. तुझ्याकडे थंडी पडली का?"

आणि तेवढ्यात पलीकडे फ्लश झाला. चांगला, दणदणीत. मग कुणीतरी दार वाजवलं. मुलगी घाईघाईने म्हणाली, "आई, ठेवते हां, केबिनबाहेर पेशंट आलेत."

"ठेव, ठेव. तुझी मानसं खोळंबली असतील."

मावशींनी फोन बंद केला, डब्याचं झाकण लावलं, फडकं बांधलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिच्या केबिनीत एसी हाय. त्याचा आवाज येते."

तीन फ्लश आवाजावरून ओळखणारी बाई मला हे सांगत होती.

"असेल," मी म्हणाले. "मोठा एसी दिसतोय."

"मोठं हास्पिटल हाय ना."

मी उभीच होते. कागदाचं काय करायचं ते मला विचारायचं होतं. पण मावशीच बोलल्या.

"पयल्या दिवशीच कळलं मला. वार्डात फोन चालत नाय, बाहेर जायला वेळ नाय. तिला मी काय नाय बोलले. बोलले तर पोरगी लाजंल. न् लाजली तर फोन कुठनं करंल?"

त्यांनी पहिली पिशवी बांधली, ती दुसरीत घातली.

"माफी लिवा मॅडम," त्या म्हणाल्या. "मी सही करते."

मी म्हटलं, उद्या बघू. कागद परत घेऊन आले.

२१ नोव्हेंबर. सकाळी साहेब यायच्या आत मी कुरियरची खोली उघडली. ती टॉयलेटच्या शेजारीच आहे. आत जुनी खोकी आणि मोडका प्रिंटर होता. दोन्ही भंगारात काढली. दोन खुर्च्या ठेवल्या, पंखा पुसला. साहेब आले तेव्हा त्यांना सांगितलं की ऑडिटवाल्यांना माफी लागत नाही, सुधारणा लागते. माफीने ऑफिस अडाणी दिसतं आणि खोलीने शिस्तीचं दिसतं. बाईंना खोलीचा फोटो पाठवते. फक्त खोलीवर लक्ष ठेवायला एक माणूस लागेल, ते मावशी ठेवतील. साहेबांनी काचेतून खोलीकडे बघितलं. खोली त्यांना काचेतून दिसत नाही. थोडा विचार करून ते हो म्हणाले.

काल लिहिलेली सूचना होती, "प्रसाधनगृहात मोबाईलवर बोलण्यास सक्त मनाई आहे." ती फाडली. नवी लिहिली, "फोनवर बोलायचं असेल तर शेजारच्या खोलीत खुर्ची आहे." आणि दारावर चिकटवली.

मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या. सूचना वाचली. खोलीत जाऊन एक खुर्ची हलवून पाहिली, दुसरी हलवून पाहिली, पंखा लावला, बंद केला. मग मधल्या भिंतीला उजवा कान लावून उभ्या राहिल्या.

"खुर्ची बरी हाय," त्या म्हणाल्या. "पन वरती झरोका हाय. तीन नंबरचा आवाज येते. फळी मारून घ्या."

मी त्या खुर्चीत बसले आणि सुताराला फोन लावला.